सी-१० चा ऑईल चेंबर: इंजिन उतरवू की नुसतं उचलू?

निळी_बहात्तर (शुक्रवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप, स्टिअरिंग डावीकडे, मागच्या चाकांवर चालणारी, ३५० घनइंचांचं व्ही-८, तीन गिअरची ऑटोमॅटिक. माझ्याकडे येऊन दोन वर्षं होतील. रात्री उभी केली की सकाळी खाली ताटाएवढा डाग. दर दोन आठवड्यांनी क्वार्टभर तेल वरून ओततेय.

खाली शिरून पाहिलं तर ऑईल चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाला मोठा पोचा, कडेने सगळं ओलं आणि ड्रेन प्लगचे आटे गेलेले. आधीच्या मालकाने प्लगभोवती कसलंसं लुकण थापून वेळ मारून नेलीय. प्लग काढला तर परत बसेल याची खात्री नाही, म्हणून गेल्या वेळी तेल बदललंच नाही. (हो, माहीत आहे. ओरडा नंतर खाते.)

"१९७२, सी-१०, ३५०" असं सांगून नवा चेंबर मागवला, तो आलाय. कॉर्कच्या पॅकिंगचा संचही आहे. आता प्रश्न असा, इंजिन बाहेर काढायलाच हवं का? की माउंटिंग सोडून दोन-तीन इंच वर उचललं तर चेंबर खालून निघतो? पुस्तक म्हणतं उचला. ओळखीतला एक मेकॅनिक म्हणतो, उतरवा आणि मोकळे व्हा. माझ्याकडे साखळीचा हॉइस्ट आहे, चार जॅक स्टँड आहेत आणि दोन शनिवार-रविवार आहेत.

खटपट्या (शुक्रवार, रात्री १०.५५)

पहिला! वाचतोय. फोटो टाका, विशेषतः त्या लुकणाचा.

मोजमाप (शुक्रवार, रात्री ११.२०)

दोन प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घेऊ नका.

डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) कोणत्या बाजूला आहे, ड्रायव्हरच्या की पॅसेंजरच्या? आणि ब्लॉकच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे गिअरबॉक्स जोडलेला असतो त्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूच्या हेडच्या मागे उठावाचे आकडे आहेत. ब्रशने घासा, टॉर्च मारा आणि आकडा इथे लिहा.

जुनापाना (शनिवार, सकाळी ६.३०)

ताई, इंजिन उतरवू नका. या गाडीत त्याची गरज नाही. ज्याला इंजिन उतरवायची हौस आहे त्याला उतरवू द्या.

पण त्याआधी तेल नक्की कुठून येतंय ते बघा. चेंबर सगळ्यात खाली, त्यामुळे वरच्या सगळ्यांची पापं त्याच्या माथी. ३५० मध्ये मी चार ठिकाणं आधी बघतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळ येतो. इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाची कॉर्कची पट्टी सुकली की तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि बेलहाउजिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) खालून ठिबकतं, मग लोक म्हणतात मागचं मेन सील, म्हणजे क्रँकशाफ्टचं मागचं सील, गेलं. तिसरा डिस्ट्रिब्यूटरशेजारचा ऑईल प्रेशरचा सेंडर. आणि चौथा पुढे उजवीकडचा पेट्रोल पंप, त्याचं पॅकिंग पाझरलं की थेट चेंबरच्या कडेवर.

इंजिन धुऊन काढा, तेलात चमकणारा रंग टाका, अर्धा तास फिरवून आणा आणि काळोखात जांभळ्या दिव्याखाली बघा. सगळ्यात वरचा ओला ठिपका तो खरा चोर.

तुमच्या बाबतीत प्लग आणि पोचा आहेच, तेव्हा चेंबर बदलायचाच आहे. पण तो बदलून डाग तसाच राहिला तर दोन शनिवार-रविवार पाण्यात.

निळी_बहात्तर (शनिवार, सकाळी ९.१५)

मोजमाप, डिपस्टिक पॅसेंजरच्या बाजूला. आकडा शोधायला पाऊण तास गेला, हाताला अजून ग्रीस आहे: १४०१०२०७.

काका, रंग टाकला आहे. संध्याकाळी बघते.

मोजमाप (शनिवार, सकाळी ९.४०)

वाटलंच होतं. नवा चेंबर परत करा.

तुमची गाडी ७२ ची आहे, इंजिन नाही. १४०१०२०७ हा १९८० ते ८५ च्या काळातला ३५० चा ब्लॉक. कुणीतरी मधल्या काळात इंजिन बदललंय. यात वाईट काही नाही, या गाड्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच. पण चेंबर गाडीच्या सालावर मागवता येत नाही, तो ब्लॉक बघून घ्यायचा.

शेव्हीचं हे छोटं व्ही-८ १९५५ ला आलं आणि बाहेरून इतकी वर्षं सारखंच दिसत राहिलं, म्हणून लोक फसतात. चेंबरच्या दृष्टीने तीन गोष्टी बदलल्या.

डिपस्टिक १९७९ पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला, १९८० पासून पॅसेंजरच्या. चेंबरच्या कडेला डिपस्टिकसाठी फुगवटा असतो, तो ज्या बाजूला असायला हवा तिथे नसेल तर पट्टी पत्र्यावर आपटते. तुमच्याकडे आलेल्या चेंबरचा फुगवटा नक्कीच उलट्या बाजूला आहे, जाऊन बघा.

दुसरी गोष्ट चेंबरच्या पुढच्या कमानीतलं सील. १९७४ पर्यंत पातळ, १९७५ पासून जाड. चेंबरच्या कडांवर पट्टी आडवी ठेवून पुढच्या कमानीच्या तळापर्यंत मोजा. सव्वादोन इंचाच्या आसपास असेल तर पातळ सीलचा, त्यापेक्षा अष्टमांश इंच जास्त असेल तर जाड सीलचा. अष्टमांश म्हणजे काही नाही असं वाटतं. पातळ सीलच्या चेंबरला जाड सील लावलं तर पुढचा भाग टेकतो आणि कडा वर बसतच नाहीत, मग माणूस बोल्ट आवळून आवळून पत्रा वाकवतो. उलट केलं तर पुढून धार.

तिसरी, मागचं मेन सील. १९८५ पर्यंत दोन तुकड्यांचं, १९८६ पासून अखंड. त्याबरोबर चेंबरची मागची कमानही बदलली. हे दोन प्रकार एकमेकांना बसत नाहीत, कितीही सिलिकॉन ओता.

म्हणजे तुम्हाला हवा तो: उजवी (पॅसेंजरच्या बाजूची) डिपस्टिक, जाड सील, दोन तुकड्यांचं मागचं सील.

खटपट्या (शनिवार, सकाळी ९.५२)

म्हणजे पत्रिका एकीची आणि मांडवात दुसरीच. (हलके घ्या.)

निळी_बहात्तर (शनिवार, सकाळी १०.०५)

बघितलं. फुगवटा ड्रायव्हरच्या बाजूला. कमान सव्वादोन. कपाळावर हात मारला तर कपाळालाही ग्रीस.

एलएसवेडा (शनिवार, सकाळी १०.३०)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ५.३ लिटरचं एलएस, म्हणजे शेव्हीचं नव्या पिढीचं व्ही-८, टाका की. १९९९ पासूनच्या पिकअपमध्ये मिळतं, ताकद जास्त, गळत नाही.

जुनापाना (शनिवार, सकाळी १०.४५)

आला! मी वाटच बघत होतो.

अहो, त्या ५.३ चा पिकअपमधला चेंबर खोल असतो, या गाडीच्या आडव्या बीमच्या खाली लोंबतो. म्हणजे एलएस टाकल्यावर पहिलं काम काय? चेंबर बदलणं!

एलएसवेडा (शनिवार, सकाळी १०.५८)

हाहा, मान्य. माझ्या गाडीत तेच केलं, उथळ चेंबर घालावा लागला. आणि खरं सांगायचं तर तो जास्त कटकटीचा. ॲल्युमिनियमचा ओतीव, इंजिनाच्या मजबुतीचाच भाग, त्याची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी तंतोतंत सपाट यावी लागते, नाहीतर गिअरबॉक्स आवळताना चेंबरच तडकू शकतो. सक्शनच्या नळीची ओ-रिंग चिमटली तर पंप हवा ओढतो. मी ती एकदा चिमटवली आहे. जास्त विचारू नका.

वाचनमात्र (शनिवार, दुपारी १२.१०)

मी नवखा आहे. इंजिन उचलताना जॅक कुठे लावायचा? चेंबरखाली नाही लावता येणार, तो तर काढायचाय.

जुनापाना (शनिवार, दुपारी १२.५०)

चांगला प्रश्न, आणि चेंबर काढायचा नसला तरी त्याच्याखाली जॅक लावू नये. पातळ पत्रा आहे तो. आत पंपाच्या सक्शनची जाळी तळापासून पाव ते तीन अष्टमांश इंचावर असते, पोचा वर आला की जाळीचं तोंड बंद. ताईंच्या चेंबरचा पोचा असाच कुणाच्या तरी जॅकचा असेल तर मला नवल वाटणार नाही.

बरेच जण क्रँकच्या पुलीमागच्या डँपरखाली लाकूड ठेवून उचलतात. मी नाही उचलत. डँपरचं बाहेरचं कडं आतल्या भागाला रबराने चिकटवलेलं असतं. जुनं रबर सरकलं की कड्यावरची टायमिंगची खूण खोटं बोलायला लागते, आणि मग माणूस कार्ब्युरेटरला शिव्या देत बसतो.

ताईंकडे हॉइस्ट आहे, तेव्हा वरून साखळी. ती हेडच्या टोकाच्या भोकांत चांगले बोल्ट घालून अडकवायची, टॅपेट कव्हरच्या चिमुकल्या बोल्टना नाही. (हसू नका, पाहिलंय.)

क्रम असा. बॅटरी सोडा. पंख्याभोवतीचं कवच रेडिएटरपासून सोडून मागे पंख्यावर लटकवा. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा. इंजिन पुढून वर गेलं की मागे कलतं आणि टोपी फायरवॉलला टेकते, तुमचं इंजिन ऐंशीच्या दशकातलं असेल तर त्यावर मोठ्या टोपीचं एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डिस्ट्रिब्यूटर) असणार, ती आणखी लवकर टेकते. डिपस्टिक नळीसकट बाहेर. सायलेन्सरचा दोन्ही बाजू जोडणारा पाइप आडवा येतो, तो खाली. स्टार्टर आणि फ्लायव्हीलखालचं पत्र्याचं झाकण काढा. मग दोन्ही माउंटिंगचे आडवे बोल्ट काढून हळूहळू उचला, दर अर्ध्या इंचाला थांबून होजपाइप आणि वायरी ताणत नाहीत ना बघा. वर गेलं की माउंटिंग आणि बीम यांच्या मध्ये लाकडी ठोकळे घाला आणि वजन ठोकळ्यांवर सोडा. साखळीच्या भरवशावर कुणी खाली हात घालायचा नाही.

बोल्ट निघाले तरी चेंबर अडतो, कारण क्रँकचा पुढचा वजनी भाग मध्ये येतो. डँपरवरची खूण सहा वाजता येईल असा क्रँक फिरवा. मग पुढचं टोक मोकळं होतं.

निळी_बहात्तर (शनिवार, रात्री ९.३०)

दिव्याखाली पाहिलं. ड्रेन प्लग दिवाळीसारखा चमकतोय. चेंबरच्या दोन्ही कडा चमकताहेत. पण वर पॅसेंजरच्या बाजूच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातूनही एक बारीक ओघळ आहे. इनटेकची पाठ कोरडी.

नवा (बरोबर!) चेंबर बुधवारपर्यंत येईल. पॅकिंग कॉर्कचं चालेल का?

शेवटचा_बोल्ट (शनिवार, रात्री १०.००)

पॅकिंगच कशाला? दोन्ही कडांना सिलिकॉनची जाड रेघ मारा आणि आवळा. माझी बारा वर्षं एक थेंब नाही.

जुनापाना (शनिवार, रात्री १०.२०)

असहमत. तुमचं इंजिन तेव्हा स्टँडवर उलटं असणार. इथे माणूस पाठीवर झोपून, वर उचललेल्या इंजिनाखाली, मधे बीम चुकवत चेंबर वाकडा-तिकडा आत सरकवणार आहे. ती सिलिकॉनची रेघ वाटेत दहा ठिकाणी पुसली जाईल. आणि बाहेर जेवढं सिलिकॉन ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही असतं. ते सुटून जाळीवर जाऊन बसतं.

शेवटचा_बोल्ट (शनिवार, रात्री १०.२६)

हो, स्टँडवरच होतं. तो मुद्दा मान्य.

मोजमाप (शनिवार, रात्री ११.०५)

कॉर्क चालतो, पण मी अखंड रबराचं घेईन. आत स्टीलची पट्टी असते आणि बोल्टच्या भोकांत धातूच्या छोट्या कड्या असतात, त्यामुळे ते ठराविक मर्यादेपर्यंतच दबतं. कॉर्क जास्त आवळला की बाजूने बाहेर फुगतो आणि चिरतो. चार तुकड्यांचा संच पडल्या पडल्या लावताना एक तुकडा हमखास घसरतो. अखंड पॅकिंगही उजव्या डिपस्टिकचं आणि जाड सीलचं बघून घ्या. सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत, जिथे पुढची आणि मागची कमान सरळ कडेला मिळते तिथे, हरभऱ्याएवढं.

बोल्ट दोन मापांचे असतात. कडेचे पाव इंची, कोपऱ्यांतले चार पाच-षोडशांश. पाव इंचींना ८० इंच-पाउंड, कोपऱ्यांना १६५ इंच-पाउंड.

वाचनमात्र (शनिवार, रात्री ११.१५)

८० पाउंड? माझ्या टॉर्क पान्यावर ८० आहे.

मोजमाप (शनिवार, रात्री ११.१७)

इंच-पाउंड. इंच. तुमच्या पान्यावर फूट-पाउंड असणार. ८० इंच-पाउंड म्हणजे पावणेसात फूट-पाउंडही नाही. फूट-पाउंडच्या ८० वर पाव इंची बोल्ट तुटून अर्धा ब्लॉकमध्येच राहील.

खटपट्या (शनिवार, रात्री ११.३०)

वाचनमात्र यांनी एका प्रश्नात स्वतःचा एक रविवार वाचवला.

निळी_बहात्तर (पुढचा शनिवार, दुपारी ४.४५)

चेंबर निघाला!!

काकांचा क्रम जसाच्या तसा. अडले ती जागा वेगळीच: गिअरबॉक्सच्या कूलरची धातूची नळी उचलताना ताणली जात होती, ती क्लिपमधून सोडावी लागली. बाकी खूण सहा वाजता आणली आणि चेंबर पुढून खाली, मग मागून सरकवून बाहेर. दोघं लागलो. भावाने खालून धरला, मी पुढे डोकं घालून सूचना दिल्या. सूचना देणं सोपं काम आहे असं त्याचं मत झालंय.

आता गंभीर. चेंबरच्या तळाला काळा चिखल आहे, तो अपेक्षितच. पण त्यात पिवळट तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे आहेत, तांदळाएवढे, काही नखाएवढे. जाळीतही अडकलेत, अर्धी जाळी बुजलीय. काळे कडक तुकडेही आहेत, पण थोडे. लोहचुंबक फिरवला, त्याला बारीक राखेसारखं काहीतरी लागलं, चकचकीत कण नाहीत.

हे प्लॅस्टिक इंजिनात आलं कुठून?

जुनापाना (शनिवार, सायंकाळी ५.१०)

ताई, कॅमच्या गिअरचे दात आहेत ते.

जनरल मोटर्सने बरीच वर्षं कॅमशाफ्टच्या पुढचं चाक ॲल्युमिनियमचं आणि त्यावर नायलॉनचे दात असं बसवलं, आवाज कमी यावा म्हणून. उष्णतेने नायलॉन ठिसूळ होतं आणि तुकडे थेट चेंबरमध्ये पडतात. पुरेसे दात गेले की क्रँक आणि कॅम जोडणारी टायमिंगची साखळी उडी मारते आणि गाडी भर रस्त्यात बंद.

काळे कडक तुकडे बहुतेक व्हॉल्व्हच्या दांड्यांवरच्या जुन्या रबरी सीलचे. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळा धूर येतो का? आणि बेअरिंगचा धातू असता तर राखाडी चकचकीत पापुद्रे दिसले असते, त्यांना चुंबक लागत नाही. ते नसतील तर बरंच झालं.

मोजमाप (शनिवार, सायंकाळी ५.३०)

खात्री करून घ्या. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडीच आहे. क्रँक एका दिशेने फिरवा, मग हळूच उलट, आणि रोटर कधी हलायला लागतो ते डँपरवर बघा. क्रँक बराच फिरतो आणि रोटर जागचा हलत नाही, म्हणजे साखळी सैल.

आणि पुढचं कव्हर काढायला याहून चांगला मुहूर्त नाही. या इंजिनात टायमिंग कव्हरची खालची कड चेंबरच्या पुढच्या कमानीत बसते. चेंबर लावलेला असताना ते कव्हर काढणं-घालणं म्हणजे पुढचं सील फाटण्याची सोय. आत्ता चेंबरच नाही.

निळी_बहात्तर (शनिवार, सायंकाळी ६.४०)

रोटर बघितला. क्रँक चांगला बोटभर फिरतो, मग रोटरला जाग येते. आणि हो काका, सकाळी निळा धूर येतो, मला वाटायचं थंडीचा.

शेवटचा_बोल्ट (शनिवार, सायंकाळी ७.००)

मग आता हात आवरू नका. साखळी आणि दोन्ही चाकं नवी, पूर्ण लोखंडी दातांची. ऑईल पंप नवा, कारण जाळीतून जे निसटलं ते पंपातून गेलं. पंप काढलाच आहे तर मागच्या सीलचे दोन्ही तुकडेही बदला, पंप त्याच मेन कॅपवर बसतो. नाहीतर सहा महिन्यांनी "मागून गळतंय" म्हणून नवा धागा काढाल.

जुनापाना (शनिवार, सायंकाळी ७.२५)

इथे मी शेवटच्या बोल्टशी सहमत, तारीख लिहून ठेवा.

पंपाबद्दल दोन गोष्टी. पंप आणि डिस्ट्रिब्यूटर यांना जोडणारी जी दांडी असते, तिच्या खालच्या टोकाला मूळची प्लॅस्टिकची बाही असेल तर ती ठिसूळ झालेली असणार. स्टीलच्या बाहीची दांडी घ्या. बसवताना दांडीचं वरचं टोक डिस्ट्रिब्यूटरच्या टोकात अडकलं पाहिजे. पंप ब्लॉकला सहज टेकत नसेल तर बोल्टने ओढू नका, दांडी थोडी फिरवा, आपोआप टेकेल. मग ६५ फूट-पाउंड.

आणि नवी जाळी नव्या पंपात ठोकून बसवलेली असते, ती इंजिनाच्या थरथरीने फिरते किंवा गळून पडते. आतल्या दाबाची स्प्रिंग आधी बाहेर काढून एक टाका वेल्डिंगचा मारून घ्या. स्प्रिंग आत ठेवून वेल्डिंग केलं तर तापून तिची ताकद जाते.

खटपट्या (शनिवार, सायंकाळी ७.४०)

अवांतर: इंग्रजीत त्या जाळीलाही पिकअपच म्हणतात. म्हणजे पिकअपमधला पिकअप तुंबला म्हणून पिकअप बंद. बरं झालं आपण जाळी म्हणतो.

निळी_बहात्तर (पुढचा रविवार, रात्री ८.१५)

दोनाचे तीन आठवडे झाले, पण संपलं. सविस्तर लिहिते, कारण मला असाच धागा सापडला असता तर हवा होता.

कॅमच्या चाकावरचे दात: काही ठिकाणी सलग तीन गायब. चाक हातात घेतल्यावर आणखी एक गळून पडला. डँपर त्याच्या मध्यभागी बोल्ट लागणाऱ्या पुलरने काढला, बाहेरच्या कड्याला धरणाऱ्याने नाही. नवी साखळी लावताना दोन चाकांवरचे ठिपके समोरासमोर. मागच्या सीलचा वरचा तुकडा बाहेर ढकलताना घाम फुटला, पितळी पट्टी आणि टपला मारत मारत सरकला. नव्याची धार इंजिनाच्या पुढच्या दिशेला ठेवलीय.

जाळी आणि चेंबरचा तळ यांत किती अंतर आहे ते मातीने मोजलं. भाचीच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा जाळीवर चिकटवला, पॅकिंगसकट चेंबर चार बोल्टवर लावला, काढला आणि चपटी झालेली माती कापून मोजली. पाच-षोडशांश इंच. मोजमाप खूश.

जुन्या चेंबरच्या कडांवर प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचललेला होता, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं गळती थांबवायला आवळतच गेलं होतं. नव्याच्या कडाही सरळ पट्टीवर तपासल्या. एक भोक किंचित वर होतं, लाकडावर ठेवून छोट्या हातोडीने बसवलं.

पॅकिंग घसरू नये म्हणून पाव इंची बोल्टची डोकी कापून चार खुंट्या केल्या आणि कोपऱ्यांच्या जवळ ब्लॉकमध्ये हाताने फिरवल्या. डोक्याच्या जागी करवतीने खाच पाडली, नंतर स्क्रू ड्रायव्हरने काढायला. चेंबर त्यांवर टांगला आणि दोन्ही हात मोकळे. भाऊ म्हणाला हे आधी का नाही केलं.

ब्लॉकची कड मात्र मनसोक्त पुसली. तीनदा. पहिल्यांदा पुसल्यावर वरून एक थेंब, दुसऱ्यांदा पुसल्यावर आणखी एक. शेवटी रात्रभर गळू दिलं, सकाळी पुसून लगेच लावलं.

जुनापाना (रविवार, रात्री ८.३०)

रात्रभर गळू दिलं हे सर्वात शहाणपणाचं. अर्धी गळती तिथेच थांबते. चालू कशी केली?

निळी_बहात्तर (रविवार, रात्री ८.५०)

सिलिकॉनच्या नळीवर २४ तास लिहिले होते, तेवढे थांबले. बसवण्याआधीच पंपात तेल भरलं होतं. आता चेंबरमध्ये चार क्वार्ट, फिल्टर भरून बसवला, एकूण पाच. एचईआयची पॉवरची वायर काढून नुसता स्टार्टर मारला, थांबून थांबून. चौथ्या वेळेला प्रेशरचा काटा हलला. मग वायर लावली.

आधी गरम झाल्यावर, गाडी उभी असताना काटा तळाला टेकायचा आणि मी "जुनं इंजिन आहे" म्हणून सोडून द्यायची. आता त्याच जागी तो तळापासून चांगला वर थांबतो. जाळी बुजलेली होती तेव्हा इंजिन अर्धपोटी चाललं होतं की हो.

पुठ्ठा टाकलाय खाली. आज दुसरी सकाळ. चेंबरखाली कोरडा. मागे पॅसेंजरच्या बाजूला एक थेंब, तो टॅपेट कव्हरचा, रंगात दिसलाच होता. ते आणि व्हॉल्व्हची सीलं पुढच्या महिन्यात.

मोजमाप (रविवार, रात्री ९.१०)

छान. एक काम राहिलं. ब्लॉकचा आकडा गाडीत कुठेतरी लिहून ठेवा. तुमच्या आधीच्याने लिहिला असता तर पहिला चेंबर परत करावा लागला नसता.

निळी_बहात्तर (रविवार, रात्री ९.२५)

ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या रंगाने: १४०१०२०७, उजवी पट्टी, जाड सील, दोन तुकडे. लिहिताना त्याखाली आधीचं काहीतरी पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. ओल्या फडक्याने पुसून वाचलं. "प्लग सोडू नये."

खटपट्या (रविवार, रात्री ९.२७)

लुकणाचा फोटो अजून आलेला नाही.